दूरचित्रवाणीवरील गृहनूतनीकरण आणि अंतर्गत रचनेचा व्यवसाय

जुन्या घराचे रूप दोन-चार दिवसांत पालटून दाखवणाऱ्या कार्यक्रमांनी गेल्या तीन दशकांत जगभरातील प्रेक्षकांना खिळवून ठेवले आहे. भिंतींना नवा रंग, पडद्यांना नवे कापड, दिव्यांची नवी मांडणी आणि अखेरीस डोळे उघडताच घरमालकाच्या तोंडून निघणारा आनंदोद्गार, असा या कार्यक्रमांचा ठरलेला क्रम असतो. मात्र इंटिरिअर डिझायनर, म्हणजेच अंतर्गत रचनाकार, म्हणून काम करणाऱ्यांचा या कार्यक्रमांवर जुना आक्षेप आहे. पडद्यावर दिसते ती सजावट. व्यवसायातील मोजमाप, नियोजन, नियमपालन आणि सुरक्षिततेचा भाग प्रेक्षकांसमोर येतच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हा वाद केवळ व्यावसायिकांच्या प्रतिष्ठेपुरता मर्यादित नाही. न दाखवल्या जाणाऱ्या भागाशी घरात राहणाऱ्यांच्या आणि सार्वजनिक इमारतींत वावरणाऱ्यांच्या जीविताचा थेट संबंध आहे.

सजावट आणि रचना

अंतर्गत सजावट आणि अंतर्गत रचना या दोन संज्ञा बोलताना एकाच अर्थाने वापरल्या जातात. व्यवसायात मात्र त्यांच्यात भेद केला जातो. रंग, कापड, फर्निचर आणि शोभेच्या वस्तू यांची निवड हा सजावटीचा विषय आहे. अंतर्गत रचनेत याखेरीज जागेचा आराखडा, माणसांची ये-जा, प्रकाश, हवा, ध्वनी, विद्युतभार, वापरलेल्या साहित्याची ज्वलनशीलता, बाहेर पडण्याचे मार्ग आणि अपंग व्यक्तींसाठीच्या सोयी यांचा विचार करावा लागतो.

या व्यवसायाची सुरुवात सजावटीपासूनच झाली. रंगभूमीवरील अभिनय सोडून या क्षेत्रात आलेल्या एल्सी डी वुल्फ यांना १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबच्या सजावटीचे काम मिळाले. अमेरिकेतील व्यावसायिक सजावटीच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते. १९३१ मध्ये तेथील सजावटकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९४० च्या दशकात फ्लॉरेन्स नोल यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘नोल प्लॅनिंग युनिट’ सुरू केले. कार्यालयात कोण कोणते काम करते, कोणाला किती जागा आणि कोणती साधने लागतात, याची आधी पाहणी करायची आणि त्यानंतर आराखडा काढायचा, ही पद्धत त्यांनी रूढ केली. आपण सजावटकार नसून नियोजन करणारे रचनाकार आहोत, हा त्यांचा आग्रह पुढे संपूर्ण व्यवसायाची भूमिका बनला. १९७५ मध्ये दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून ‘अमेरिकन सोसायटी ऑफ इंटिरिअर डिझायनर्स’ अस्तित्वात आली.

कार्यालये, रुग्णालये, हॉटेले, शाळा आणि दुकाने हे या व्यवसायाचे मोठे कार्यक्षेत्र आहे. दूरचित्रवाणीवर मात्र जवळजवळ केवळ घरेच दिसतात.

कार्यक्रमांचा उदय

अमेरिकेत १९९४ च्या अखेरीस घर आणि बगिचा या विषयांना वाहिलेली ‘एचजीटीव्ही’ ही वाहिनी सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये बीबीसीवर ‘चेंजिंग रूम्स’ हा कार्यक्रम आला. दोन शेजारी कुटुंबांनी दोन दिवसांसाठी घरांची अदलाबदल करायची आणि डिझायनर व सुतार यांच्या मदतीने एकमेकांची एक खोली बदलायची, अशी त्याची कल्पना होती. एका खोलीसाठी ५०० पौंडांची मर्यादा होती. हा कार्यक्रम २००४ पर्यंत चालला आणि २०२१ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा सुरू झाला. त्याच धर्तीवर अमेरिकेत २००० मध्ये ‘ट्रेडिंग स्पेसेस’ आला. तेथे मर्यादा १,००० डॉलरची होती.

२००३ मध्ये एबीसी वाहिनीवर ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’ सुरू झाला. त्यात संकटग्रस्त कुटुंबाला सहलीला पाठवून आठवडाभरात त्यांचे संपूर्ण घर नव्याने उभारले जाई. २०१३ पासून ‘फिक्सर अपर’ या कार्यक्रमाने टेक्सासमधील वेको शहरातील जुन्या घरांचे नूतनीकरण दाखवले. भारतात २००४ मध्ये ‘डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंग’ ही जीवनशैलीविषयक वाहिनी सुरू झाली आणि या प्रकारचे कार्यक्रम शहरी प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले.

वेळेचे गणित

प्रत्यक्ष कामाचे टप्पे ठरलेले आहेत. प्रथम ग्राहकाच्या गरजा लिहून घेतल्या जातात आणि जागेचे मोजमाप होते. त्यानंतर प्राथमिक आराखडा, तपशीलवार आराखडा, कारागिरांसाठीची नकाशे व साहित्याची यादी, कंत्राटदारांकडून दरपत्रके आणि शेवटी प्रत्यक्ष कामावरील देखरेख असे टप्पे येतात. यातील पहिले चार-पाच टप्पे कागदावर आणि चर्चेत पार पडतात. त्यांना अनेक आठवडे, मोठ्या कामांत अनेक महिने लागतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने त्यात पाहण्यासारखे काही नसते, त्यामुळे ते गाळले जातात किंवा संगणकावरील एखाद्या चित्रात उरकले जातात.

प्रत्यक्ष कामातही घाई चालत नाही. सिमेंटचे प्लास्टर सुकल्याशिवाय रंग टिकत नाही. न्हाणीघराच्या फरशीखाली जलरोधक थर दिल्यानंतर पाणी साठवून गळतीची चाचणी घ्यावी लागते, आणि त्यानंतरच फरशी बसवता येते. पॉलिशच्या दोन थरांमध्ये अवधी द्यावा लागतो. दोन दिवसांत पूर्ण झालेली खोली चित्रीकरणाच्या दिवशी सुंदर दिसते. पुढच्या पावसाळ्यात ती कशी दिसते, हे प्रेक्षकांना कळत नाही.

घाईचा परिणाम कधी कधी चित्रीकरणातच दिसून आला. ‘चेंजिंग रूम्स’च्या एका भागात घरमालकिणीने जमवलेल्या जुन्या किटल्यांसाठी छतापासून टांगती मांडणी करण्यात आली. रात्रीतून ती कोसळली आणि सुमारे ६ हजार पौंडांचा संग्रह फुटला. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील गमतीदार प्रसंगांत याची गणना होते. व्यवसायाच्या भाषेत मात्र हा भार मोजण्याचा प्रश्न आहे: फळी किती वजन पेलेल, खिळा वा स्क्रू कशात बसवला आहे आणि वरून आणखी काय ठेवले जाणार आहे, याचे उत्तर मांडणी टांगण्यापूर्वी मिळायला हवे.

खर्चाचा हिशेब

कार्यक्रमात सांगितली जाणारी रक्कम बहुधा साहित्यापुरती असते. डिझायनरचे मानधन, सुतार व रंगाऱ्यांची मजुरी, वाहतूक, साधने आणि चित्रीकरण पथकाचे श्रम त्यात धरलेले नसतात. ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’मध्ये बांधकाम साहित्य आणि श्रम मोठ्या प्रमाणावर देणगीच्या स्वरूपात मिळत. त्यामुळे ५०० पौंडांत खोली किंवा आठवड्यात बंगला, ही किंमत बाजारात कोणालाच मिळू शकत नाही. ग्राहक मात्र तीच अपेक्षा घेऊन डिझायनरकडे येतात. डिझायनरने मागितलेले शुल्क त्यांना अवाजवी वाटते आणि आराखड्याच्या टप्प्यावर काटछाट सुरू होते.

काम संपल्यानंतरचा खर्चही पडद्याबाहेर राहतो. वरील कार्यक्रमातून मिळालेल्या मोठ्या घरांचा वाढीव मालमत्ता कर आणि वीजबिल भरणे काही कुटुंबांना जड गेले, तर काही घरांवर जप्तीची वेळ आली. याविषयीच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी वेळोवेळी दिल्या आहेत. कुटुंबाच्या उत्पन्नाला झेपेल अशी जागा आखणे, हाही रचनाकाराच्या कामाचाच भाग आहे.

भिंतीवर काय लावले जाते

‘ट्रेडिंग स्पेसेस’च्या एका बहुचर्चित भागात डिझायनरने दिवाणखान्याच्या भिंतींना पेंढा चिकटवला. दुसऱ्या एका भागात न्हाणीघराच्या भिंती हजारो कृत्रिम फुलांनी मढवण्यात आल्या. प्रेक्षकांत या खोल्यांच्या सौंदर्याविषयी वाद झाले. हे साहित्य किती वेगाने पेट घेते, हा व्यवसायातील पहिला प्रश्न त्या वादात मागे पडला.

या प्रश्नामागे मोठी किंमत मोजलेला इतिहास आहे. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टनमधील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला आग लागली. ताडाची कृत्रिम झाडे आणि छताला लावलेले कापड यांमुळे ती झपाट्याने पसरली. मुख्य प्रवेशद्वार फिरते असल्याने गर्दीत अडकले आणि इतर काही दारे बंद होती. या दुर्घटनेत ४९२ जणांचा मृत्यू झाला. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी डब्लिनमधील ‘स्टारडस्ट’ या नृत्यगृहातील आगीत ४८ तरुण-तरुणी मरण पावले. तेथे भिंतींवर कार्पेटच्या चौकटी चिकटवलेल्या होत्या. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील ‘स्टेशन’ नाइट क्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी रंगमंचाभोवतीच्या भिंतींवरील पॉलियुरेथेन फोमवर पडली. सुमारे दीड मिनिटातच आतील परिस्थिती जीवघेणी बनली आणि १०० जणांना प्राण गमवावे लागले. ध्वनी रोखण्यासाठी लावलेला तो फोम हा, काटेकोरपणे पाहिल्यास, भिंतीच्या आच्छादनाचा एक निर्णय होता.

अशा दुर्घटनांतून भिंत, छत आणि जमीन यांवरील आच्छादनांच्या चाचण्यांचे नियम कडक होत गेले. अमेरिकेत सुमारे २४ फूट लांबीच्या बंदिस्त बोगद्यात साहित्याचा नमुना पेटवून ज्वाला किती पसरते, हे मोजले जाते. ० ते २५ निर्देशांकाचे साहित्य ‘अ’ वर्गात, २६ ते ७५ चे ‘ब’ वर्गात आणि ७६ ते २०० चे ‘क’ वर्गात मोडते. सार्वजनिक इमारतींतील जिने आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांसाठीच्या अटी सर्वाधिक कडक असतात. भारतात राष्ट्रीय बांधकाम संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षेला वाहिलेला आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल परिसरातील छतावरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. त्यानंतर ज्वलनशील सजावट, तात्पुरती छते आणि अडवलेले मार्ग यांची चर्चा देशभर झाली.

हातोडा आणि धूळ

जुनी भिंत हातोड्याने पाडण्याचा प्रसंग हा या कार्यक्रमांतील हमखास आवडीचा भाग असतो. ‘फिक्सर अपर’मध्ये पाडकामाचा दिवस एखाद्या सणासारखा साजरा होई. ती भिंत वरचा भार पेलणारी आहे का, तिच्यातून विजेची तार किंवा पाण्याचा नळ गेला आहे का, याची तपासणी फारच थोडक्यात दाखवली जाते.

या कार्यक्रमाशी संबंधित एक प्रकरण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेपर्यंत पोहोचले. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या घरांत पाडकाम किंवा घासकाम करताना शिसेयुक्त धूळ उडते आणि ती विशेषतः लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. त्यामुळे अशा घरांत काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि सुरक्षित कार्यपद्धती २०१० पासून सक्तीची आहे. कार्यक्रमाचे चित्रीकरण तपासल्यानंतर संस्थेने ३३ घरांच्या कामांत या नियमांचा भंग झाल्याचा आरोप ठेवला. २०१८ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार संबंधित कंपनीने ४० हजार डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. याखेरीज वेकोमधील घरांतून शिसेयुक्त रंग काढण्यासाठी १ लाख ६० हजार डॉलर खर्च करण्याचेही तिने कबूल केले. करमणूक म्हणून पाहिलेले दृश्य नियमभंगाचा पुरावा ठरण्याचे हे ठळक उदाहरण आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले. त्यापूर्वीच्या रंगांचे थर असंख्य जुन्या घरांच्या भिंतींवर आजही आहेत.

पाडकामाचा दुसरा धोका इमारतीच्या सांगाड्याला असतो. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईच्या घाटकोपर भागातील चार मजली निवासी इमारत कोसळून १७ जण मरण पावले. तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला आणि त्या प्रकरणी गुन्हा नोंदवण्यात आला. सदनिकांच्या इमारतीत एका घरातील खांब हा सर्वांचाच खांब असतो. पडद्यावरील स्वतंत्र, बहुधा लाकडी सांगाड्याच्या अमेरिकी घरात जे शक्य दिसते, ते सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारतीत जसेच्या तसे करता येत नाही.

ग्राहकाचे स्थान

शेजाऱ्यांच्या अदलाबदलीवर आधारलेल्या कार्यक्रमांत घरमालकाला आपल्याच खोलीविषयी मत मांडण्याची संधी नसते, कारण त्याचे आश्चर्य हाच कार्यक्रमाचा कळस असतो. ‘ट्रेडिंग स्पेसेस’च्या एका भागात विटांची शेकोटी झाकून टाकलेली पाहून घरमालकीण खोलीबाहेर गेली आणि तिचे रडणे कपड्यांवरील मायक्रोफोनमधून प्रेक्षकांना ऐकू आले. हा प्रसंग कार्यक्रमाच्या सर्वाधिक गाजलेल्या प्रसंगांपैकी एक ठरला.

व्यवसायात नेमकी उलट पद्धत अपेक्षित आहे. घरात गुडघेदुखीने त्रस्त आजी असेल तर कमोडशेजारी आधाराचा दांडा कोठे हवा, चाकाची खुर्ची वळवण्यासाठी सुमारे दीड मीटर जागा कशी मिळेल, देवघर आणि अभ्यासाचे टेबल यांना किती जागा लागेल, हे विचारल्याशिवाय आराखडा काढला जात नाही. अखेरच्या दिवशी ग्राहकाला धक्का बसला, तर रचनाकाराच्या दृष्टीने ते अपयश असते.

कायदा काय सांगतो

अमेरिकेत १९७४ मध्ये या व्यवसायासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेची व्यवस्था उभी राहिली. तीन भागांच्या या परीक्षेसाठी शिक्षण आणि अनुभव या दोन्ही अटी आहेत. पदवीधरांना सर्वसाधारणपणे ३,५२० तासांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. मात्र बहुतांश राज्यांत ही परीक्षा न देताही काम करता येते. लुइझियाना आणि नेवाडा यांसारख्या मोजक्या राज्यांतच प्रत्यक्ष व्यवसायावर नियंत्रण आहे. फ्लोरिडाने २०२० मध्ये आपली सक्ती शिथिल करून नोंदणी ऐच्छिक केली. अलाबामातील सक्तीचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द ठरवला होता.

भारतात १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नोंदणीकृत व्यक्तींसाठी राखून ठेवली आहे. हा कायदा पदनामाच्या वापराला संरक्षण देतो, त्या स्वरूपाचे काम इतरांनी करण्यास बंदी घालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. ‘इंटिरिअर डिझायनर’ या पदनामाला असे वैधानिक संरक्षण नाही. १९७२ मध्येच स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही व्यावसायिकांची संस्था आहे. तिचे सदस्यत्व व्यवसायासाठी बंधनकारक नाही. परिणामी पाच वर्षांचे शिक्षण घेतलेली व्यक्ती आणि कार्यक्रम पाहून काम सुरू केलेली व्यक्ती एकच पाटी लावू शकतात. यांतील फरक ओळखण्याची जबाबदारी ग्राहकावर येते, आणि त्याची दृष्टी घडवण्याचे काम दूरचित्रवाणीने केलेले असते.

दुसरी बाजू

या कार्यक्रमांचे समर्थन करणारेही आहेत. पूर्वी श्रीमंतांपुरता मानला जाणारा विषय त्यांनी मध्यमवर्गाच्या घरात आणला, स्वतःच्या हाताने रंगकाम करण्याचा आत्मविश्वास दिला आणि अनेक विद्यार्थ्यांना या अभ्यासक्रमाकडे वळवले, हे नाकारता येत नाही. परवान्याच्या सक्तीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, उशांचे अभ्रे आणि पडदे निवडण्यासाठी परीक्षेची गरज नाही. सुरक्षिततेचे कारण पुढे करून प्रस्थापित व्यावसायिक स्पर्धा रोखतात. अलाबामा आणि फ्लोरिडातील बदलांमागे हाच युक्तिवाद होता.

या युक्तिवादातील तथ्य सजावटीपुरते मान्य करावे लागेल. कोणत्या कामाला केवळ रुची पुरेशी आहे आणि कोणत्या कामाला प्रशिक्षण लागते, ही सीमारेषा मात्र पडद्यावर पुसली जाते. तेथे पडदा टांगणारी आणि भिंत पाडणारी व्यक्ती एकच असते, आणि दोन्ही कामे सारख्याच हसतमुखाने पार पडतात.

काम सोपवण्यापूर्वी

नूतनीकरणाचा विचार करणाऱ्या वाचकांनी डिझायनरला पुढील प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते.

शिक्षण कोठे झाले आहे आणि पूर्वी केलेली, किमान दोन-तीन वर्षे वापरात असलेली कामे पाहता येतील का?

शुल्क कशाच्या आधारे आकारले जाईल आणि त्यात प्रत्यक्ष देखरेखीचा समावेश आहे का?

भिंत, खांब किंवा तुळई यांना हात लावावा लागणार असल्यास संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला, गृहनिर्माण संस्थेची संमती आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी कोण घेईल?

वातानुकूलन यंत्रे आणि शेगड्या वाढल्यास सध्याची वायरिंग तो भार पेलेल का?

भिंत आणि छतासाठी निवडलेले साहित्य ज्वलनशील आहे का, त्याच्या चाचणीचे प्रमाणपत्र मिळेल का?

कामाचे वेळापत्रक लेखी दिले जाईल का आणि त्यात जलरोधक थराच्या चाचणीचे दिवस धरले आहेत का?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सजलेल्या खोलीच्या छायाचित्रात सापडत नाही. कार्यक्रमाचा शेवट घराचे दार उघडताच होतो. कुटुंबाचा त्या घरातील वावर त्यानंतर सुरू होतो आणि केलेल्या कामाची खरी परीक्षा पुढील वीस वर्षे चालू राहते.